अण्णा आणि सत्ताविसावा चॅप्टर

कुठलीही वस्तू समोर आली की अण्णा ती आधी चिमटीत धरायचे. मग अंगठ्याने तर्जनीवर चोळायचे, मग नाकाशी न्यायचे, आणि आम्ही "अहो, नको" म्हणेपर्यंत ती त्यांच्या जिभेच्या टोकाला लागलेली असायची. मग डोळे मिटून म्हणायचे, "आधी हे काय नाही ते ठरवू."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा धंदा आणि स्वभाव पुढे पुढे एकच होऊन जातो. शिंपी लग्नाला गेला तरी नवरीच्या तोंडाकडे न बघता ब्लाऊजच्या बाहीकडे बघतो. अण्णांचा धंदा क्लिअरिंग एजंटचा. हुबळीत दुर्गदबैल बाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. कुणाचा परदेशी माल गोव्याच्या बंदरावर उतरला की त्याचे कागद करायचे, कस्टम्सच्या जाड पुस्तकात तो माल कुठल्या चॅप्टरात बसतो ते ठरवायचं, त्याप्रमाणे ड्यूटी भरून तो सोडवायचा. त्या पुस्तकात जिवंत घोड्यापासून पुराणवस्तूंपर्यंत सगळ्यांना जागा आहे. जागा नाही अशी वस्तू देवानं अजून केलेलीच नाही, असं अण्णा सांगायचे, आणि सांगताना चेहरा असा की देवानं वस्तू करताना यांनाच विचारून केल्या.

त्यांचं नाव मी सांगत नाही. ऑफिसच्या बोर्डावरही ते इतकं पुसट झालं होतं की पोस्टमनसुद्धा अण्णाच म्हणायचा.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, आणि आमच्या चाळीत बी.कॉम. झालेली मी पहिली मुलगी. त्या वेळी बाजारातल्या पेढ्यांवर नोकरी मागायला गेलं की आधी आडनाव विचारायचे आणि मग "कळवतो" म्हणायचे. बऱ्याच जणांचं मला कळवायचं राहून गेलं होतं. म्हणून अण्णांच्या माडीचा जिना चढले तेव्हा मी भांडायच्याच तयारीने चढले. अण्णांनी आडनाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू काय नाहीस ते सांग."

मी म्हटलं, "मी घाबरट नाही. आणि टेबल पुसायला मला सांगायचं नाही."

"बरं. टेबल मी पुसतो. तू टाइप कर, तंगी."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांच्याहून मी निदान पंचवीस वर्षांनी लहान, पण त्यांनी मला तंगी ठरवलं आणि ते वर्गीकरण कधी बदललं नाही. टेबलही रोज सकाळी तेच पुसायचे, आणि वाईट पुसायचे. कोपऱ्यातली धूळ मी डोळ्याआड करत असे.

त्यांच्या पुस्तकात एक नियम होता. चार जिनसांचं मिश्रण असेल तर त्या मिश्रणाला ज्या जिनसेमुळे मूळ स्वभाव येतो, तिच्या घरात ते बसवायचं. हा नियम अण्णांना इतका आवडायचा की चहा प्यायला गेलं तरी सुटका नसे. गिरमिटची बशी पुढे आली की सुरू. यात कांदा आहे, टोमॅटो आहे, चिंचेचा कोळ आहे, वर शेव आहे, पण मूळ स्वभाव कुणाचा? चुरमुऱ्यांचा. मिरची-भजीत पीठ जास्त असलं तरी स्वभाव मिरचीचा. मी एकदा वैतागून विचारलं, अण्णा, आणि तुमचा मूळ स्वभाव कशाचा हो? त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. दोन घोट चहा प्यायले आणि म्हणाले, ते अक्कांना विचारावं लागेल.

अक्का म्हणजे त्यांची बायको. घर मागच्याच गल्लीत. दुपारी डबा घेऊन स्वतः यायच्या, कारण डबा दुसऱ्या कुणाबरोबर पाठवला तर अण्णा तो उघडायचेच विसरतात असं त्यांचं म्हणणं होतं. अक्का फार बोलत नसत. अण्णांचं पाल्हाळ सुरू झालं की त्या पदराने वारा घेत शांत बसायच्या, आणि शेवटी एकच वाक्य बोलायच्या. बहुतेक वेळा ते वाक्य "जेवा आता" असं असायचं.

एका व्यापाऱ्याने एकदा पिस्तुलाच्या आकाराचे लायटर मागवले होते. त्याचा हट्ट, हे खेळणं म्हणून दाखवा, ड्यूटी कमी बसते. अण्णांनी वाद घातला नाही. एक पिस्तूल उचललं, चाप ओढला आणि त्या शेटजींच्याच तोंडातली विडी पेटवून दिली. मग विचारलं की हे आता नातवाच्या हातात द्याल का. शेटजी विडी ओढत राहिले. कागद लायटरचेच झाले.

अण्णांचा एकच नेम होता. माल हातात घेतल्याशिवाय ते सही करत नसत. दुसरे एजंट बिलावरचं नाव बघून कागद करायचे. अण्णा नमुना मागायचे. नमुना नसेल तर गोव्याची गाडी धरायचे. यापायी धंदा फार वाढला नाही, पण अण्णांनी केलेला कागद कधी परत आला नाही, आणि त्याचा त्यांना भलताच ताठा होता. ताठा मला दिसायचा. त्यांना वाटायचं तो दिसत नाही.

मग केलगेरीच्या बाई आल्या.

या बाई धारवाडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. एक दिवस नोकरी सोडली, आणि केलगेरीच्या तळ्याजवळ जमीन घेऊन प्लॅस्टिकचं मोठं घर उभारलं. त्यात जरबेराची फुलं लावायची होती. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे फुलं म्हणजे शेवंती आणि अबोली. सुवास नसलेलं फूल कोण विकत घेणार, असं सगळं धारवाड त्यांना तोंडावर सांगत होतं. घरचेही बोलत नव्हते. बाईंनी आयुष्याचं सगळं त्या प्लॅस्टिकखाली ठेवलं होतं.

रोपं पुण्याच्या प्रयोगशाळेतून काचेच्या बाटल्यांत यायची होती. बोटाएवढी नाजूक. ती बाटलीतून काढली की साध्या मातीत जगत नाहीत, कुजतात. त्यांना लागतं पीट. थंड देशांतल्या दलदलीत शेवाळ हजारो वर्षं साचत, दबत राहतं, त्याचा हा काळा भुसा. धड माती नाही, धड कोळसा नाही. तिकडचे लोक तेच वाळवून चुलीत घालतात आणि तेच कुंडीत भरतात. बाईंनी ते युरोपातून मागवायचं ठरवलं होतं, आणि नमुन्याची पुडी घेऊन त्या आमचा जिना चढून आल्या होत्या.

अण्णांनी पुडी सोडली. चिमटी, अंगठा, नाक, जीभ. बाई "अहो, ते" एवढंच म्हणू शकल्या. अण्णा बराच वेळ चघळत राहिले आणि म्हणाले, "माती नाही. मातीची दाताखाली कचकच लागते. हे मऊ आहे." मग ॲश-ट्रेमध्ये थोडं घेऊन काडी लावली. ते भडकलं नाही, पण कडेने लाल होत हळूहळू जळत गेलं आणि ऑफिसभर एक जुनाट, ओलसर वास पसरला. अण्णा खूश झाले. पुस्तकात बोट ठेवून बाईंना दाखवलं: पंचविसाव्या चॅप्टरात मीठ, दगड, माती. एकतिसाव्यात खत. आणि मधे सत्ताविसाव्यात कोळसा, खनिज तेल, डांबर, त्यांच्यातच पीट. मग ते कुंडीत घाला की चुलीत. बाई म्हणाल्या की माझी फुलं पेट्रोलच्या शेजारी बसणार तर. अण्णा म्हणाले, शेजार वाईट असला तरी घर आपलं आहे.

माल गोव्याला उतरला आणि अडकला.

तपासणी करणाऱ्या साहेबांनी पोतं फोडून पाहिलं. आत काळं, ओलसर, भुसभुशीत. त्यांनी लिहून दिलं: ही माती आहे. आता परदेशी माती देशात आणायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे, कारण मातीबरोबर किडे येतात, रोग येतात. शिवाय कागदावर इंधन लिहिलेलं, आणि मागवणार फुलबाग. कुणालाही संशय यावा. साहेबांनी माल परत पाठवायला किंवा नष्ट करायला सांगितलं. इकडे बाईंची रोपं पुण्याहून येऊन पडली होती आणि बाटल्यांत मावेनाशी झाली होती. बाई रोज फोन करायच्या. रडायच्या नाहीत, फक्त आज किती पिवळी पडली ते सांगायच्या, आणि ते ऐकणं रडण्याहून वाईट होतं.

अण्णांचा ताठा दुखावला होता हे खरं. पण तेवढंच नव्हतं. बाईंचा फोन आला की ते रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या फोननंतर वळून म्हणाले, "आपण जाऊन पेटवून दाखवू. माती कधी जळते का?"

त्याप्रमाणे आम्ही गोव्याला निघालो. मी निघाले कारण जागेवर कागद लिहायला कुणीतरी हवं. अक्का निघाल्या कारण त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. इतकी वर्षं नवरा बंदरावर जातोय आणि मी समुद्र फोटोत बघतेय, असं त्या म्हणाल्या, आणि अण्णांनी तिसरं तिकीट काढलं. शिवाय पीट पेटवायला न्यायची शेगडी अक्कांची होती. ती त्या नवऱ्याच्या हाती देणार नव्हत्या.

गाडीत शेगडी बाकाखाली मावेना. अक्कांनी ती मांडीवर घेतली. अळणावरला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की लेकीचा संसार लावून द्यायला निघालात का. त्यांची नजर माझ्यावर होती. अण्णा म्हणाले, नाही हो, साहेबांच्या समोर इंधन पेटवून दाखवायचंय. त्या बाईंनी पाय वर घेतले आणि लोंढा येईपर्यंत खाली सोडले नाहीत.

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने शेगडी बघितली आणि आडवा झाला. आत तेलाच्या टाक्या, आणि हा माणूस शेगडी, कोळसे आणि काडेपेटी घेऊन आत जातो म्हणतोय. अण्णा त्याला सत्ताविसावा चॅप्टर समजावून सांगायला लागले. मी त्यांना बाजूला ओढलं. शेवटी साहेबच बाहेर आले, आणि ठरलं की फाटकापासून लांब, एका चहाच्या टपरीमागे प्रयोग करायचा. साहेब तरुण होते, नीटनेटके, बोलायला सभ्य. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते आपलं काम करत होते आणि अण्णा आपलं.

फोडलेल्या पोत्यातलं ओंजळभर पीट आणलं. अक्कांनी कोळसे फुलवले. अण्णांनी पुढे होऊन, पूजेत फूल वाहावं तसं, ते पीट निखाऱ्यांवर सोडलं.

धूर झाला. म्हणजे किती, तर चहा पिणारे लोक ग्लास हातात घेऊन रस्त्यापलीकडे गेले. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. अण्णा धुरात उभे राहून "आता पेटेल, आता पेटेल" म्हणत होते, आणि खाली निखारेच विझायला लागले होते. पीट पेटलं नाही. ते तिथे काळं, ओलं, गप्प पडून राहिलं.

पुडीतला नमुना प्रवासात वाळून खडखडीत झाला होता, आणि पोत्यातलं पीट ओलंगच्च होतं. कुंडीत भरायचं पीट ओलसरच पाठवतात. ओलं जळण पेटत नाही हे मला माहीत होतं, अक्कांना माहीत होतं, टपरीवाल्याला माहीत होतं. पण पुस्तकात इंधन म्हटलंय म्हणजे ते पेटणारच, या अण्णांच्या खात्रीपुढे कुणाचं तोंड उघडलं नाही. आणि साहेबही पुस्तकातलेच. ते म्हणाले, पेटत नाही, म्हणजे मातीच.

अण्णा खाली बसले. टपरीच्या बाकावर नाही, तिथेच जमिनीवर. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुरामुळे की कशामुळे हे सांगता येत नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि आपल्याला त्यांची दया येतेय याचा रागही आला.

अक्कांनी शेगडी बाजूला सारली. साहेबांना विचारलं, "वाळवून दाखवलं तर बघाल का उद्या?" साहेब म्हणाले, बघेन.

मग आम्ही पीट वाळवलं. लॉजच्या समोर, समुद्राकाठच्या कट्ट्यावर, अक्कांनी आपली दुसरी साडी पसरली आणि त्यावर पीट पातळ पांगवलं. वारा समुद्राकडून येत होता आणि सुकलेलं पीट भुर्रकन उडायचं. म्हणून अक्का समुद्राकडे पाठ करून वाऱ्याला आडव्या बसल्या. साडीच्या एका टोकावर अण्णा, दुसऱ्यावर मी. येणारा-जाणारा विचारायचा, तंबाखू का? मशेरी? एकाने तर चिमूट उचलून दाताला लावली आणि थुंकत गेला. अण्णा प्रत्येकाला हे काय नाही ते सांगत होते. दुपार, संध्याकाळ, दुसऱ्या दिवशीची सकाळ. अक्का फक्त जेवायला उठल्या. मी म्हटलं, अक्का, निदान वळून तरी बघा, समुद्र आहे. त्या म्हणाल्या, ऐकू येतोय की.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब पुन्हा आले. या वेळी अण्णा पुढे झाले नाहीत. अक्कांनीच पीट शेगडीत ठेवलं. ते कडेने लाल झालं, लाली आत सरकत गेली, आणि हळूहळू जळून चिमूटभर पांढुरकी राख उरली. टपरीवाल्यानं हौसेने रस्त्यावरचं तांबड्या मातीचं ढेकूळ शेजारी ठेवलं होतं. ते जसंच्या तसं राहिलं. साहेबांनी राख बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले की माझी खात्री पटली, पण माझी खात्री कागदाला चालत नाही. नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत जाईल, रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर माल सोडायचा तर कुणीतरी जबाबदारी लिहून द्यायला हवी. फुलबागेच्या मालकीणबाईंची एकट्यांची पुरणार नाही.

"मी देतो," अण्णा म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रिपोर्टात माती निघाली तर तुमचं लायसन्स जाईल."

"जाऊ दे."

मी अण्णांची बाही धरली. कागद मलाच लिहायचा होता. पोत्यांचा ढीग होता, एखाद्या पोत्यात खाली काय असेल कुणी पाहिलंय? कुठलाही एजंट असं लिहून देत नाही. मी तसं त्यांना सांगितलंही. अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "तंगी, मी ते हातात घेऊन बघितलंय. आता हात मागे कसा घेऊ?"

मी लिहिलं. त्यांनी सही केली. अक्का शेगडी थंड व्हायची वाट बघत शेजारी उभ्या होत्या.

परतीच्या गाडीत अळणावरपर्यंत अक्का शेगडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग विचारलं की लायसन्स गेलं तर काय करणार. अण्णा म्हणाले, गिरमिटचा गाडा टाकेन. अक्का म्हणाल्या, कांदा कोण चिरणार? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

माल केलगेरीला पोचला. बाईंनी त्याच दिवशी बाटल्या फोडायला घेतल्या. निम्मी रोपं वाचली होती, निम्मी गेली होती. आणि रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं.

त्या काळात अण्णा घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले. पोस्टमनची सायकल खाली वाजली की चहा तसाच टाकून ते जिन्याशी जायचे. पुस्तक उघडायचे आणि तेच पान बघत बसायचे. संध्याकाळ झाली की काहीतरी कारण काढून धारवाडची बस धरायचे आणि केलगेरीला जायचे. माल तपासायला जातो, म्हणायचे. मी एकदा बरोबर गेले. बघते तर हे गृहस्थ धोतराचा काचा मारून, बाईंच्या हाताखाली, ट्रेमध्ये रोपं लावताहेत. आयुष्यभर त्यांनी जगभरचा माल चिमटीएवढाच पाहिला होता. त्याचं पुढे काय होतं ते बघायला कधी गेले नव्हते. बाई त्यांना ओरडत होत्या की दाबू नका, मुळांना हवा लागते, आणि हे मुकाट ऐकत होते. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, "बघ तंगी, यात रोप बसलं की हे सहाव्या चॅप्टरात गेलं. जिवंत झाडं." आणि त्या इवल्या पानाला त्यांनी करंगळीने इतकं हळू शिवलं की मला माझे वडील आठवले, ते माझ्या धाकट्या भावाच्या टाळूला असंच शिवायचे.

रिपोर्ट आला. पीट. दुसरं काही नाही.

अण्णांनी तो कागद वाचला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला आणि मागच्या मोरीत तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला, म्हणाले. मोरीत साबण नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण तो संपल्याचं मी आठवडाभर सांगत होते. मग खालून सगळ्यांना गिरमिट मागवलं आणि त्या दिवशी चुरमुऱ्यांच्या स्वभावाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी केलगेरीला फोन लावला, तेव्हा बाई पहिल्यांदा रडल्या.

पुढे जरबेराची फुलं हुबळीच्या प्रत्येक लग्नात स्टेजवर दिसायला लागली, आणि सुवास नसलेलं फूल कोण घेणार म्हणणाऱ्यांनीच ती आपल्या मुलींच्या लग्नात लावली. मग नारळाच्या काथ्याचा भुसा स्वस्तात मिळू लागला. त्याला सगळे कोकोपीट म्हणतात. अण्णांना ते नाव अजिबात मान्य नव्हतं. नारळाचा भुसा तो, दलदल कुठं बघितलीय त्यानं, असं ते बाईंना ऐकवायचे. बाईंनी ऐकून घेतलं आणि भुसाच वापरायला घेतला, धंदा होता त्यांचा. फक्त त्या पहिल्या मालातलं एक पोतं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मला वाटायचं, अडीअडचणीला असावं म्हणून.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा अण्णांनी काम सोडलं. पडद्यावर बोट चोळून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मी दुसरीकडे लागले, पण दर शनिवारी मागच्या गल्लीतल्या घरी जायचे. अण्णा ओसरीवर बसून भाजीवाल्याची वांगी चोळून बघायचे आणि तो बिचारा सहन करायचा.

ते गेले ते झोपेतच गेले. सकाळी अक्कांनी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

अण्णा लिंगायत. त्यांच्यात दहन नसतं, पुरतात. मांडी घालून बसवलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. मी खड्ड्याच्या कडेला अक्कांना धरून उभी होते. अक्का रडत नव्हत्या. मी रडत होते, आणि त्याच मला थोपटत होत्या. स्वामींनी बेलाची पानं वाहिली, मंत्र म्हटले, आणि लोक एकेक करून पुढे येऊन मूठभर तांबडी माती आत सोडू लागले.

केलगेरीच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी खाली वाकून माती उचलली नाही. पिशवीतून एक पुडी काढली, सोडली, आणि काळाभोर भुसा मुठीत घेतला. स्वामींनी हात आडवा केला. इथे मातीच घालायची असते, बाई, हे काय आहे? खत आहे का? कोळसा आहे? बाईंचे ओठ हलले. त्यांना उत्तर ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्या उत्तरासाठीच तर अण्णांनी आपलं लायसन्स लिहून दिलं होतं. बाई ते उत्तर देऊ शकत नव्हत्या आणि मूठही उघडत नव्हत्या. मागे लोक खोळंबले होते.

मी अक्कांचा हात सोडून पुढे झाले.

"मातीच आहे, स्वामी," मी म्हटलं. "घालू द्या त्यांना."

बाईंनी मूठ उघडली. अण्णांच्या समोर मी केलेलं ते एकमेव खोटं वर्गीकरण, आणि त्यांनी हरकत घेतली नाही.